थांबलेली कळ

झुंबरबाईने चिमणाच्या पोटावर तळवा टेकवला आणि ती वाट बघू लागली. कळ उठत होती. पोट हळूहळू टणक होत आले. चिमणाने लालबीचे मनगट घट्ट धरले, आणि आता ही पोर तोंड उघडून ओरडणार एवढ्यात सगळे मधेच विरले. पोट सैल पडले. चिमणाने डोळे उघडले.

"गेली," ती म्हणाली.

"येईल पुन्ना. जाती कुठं?"

झुंबरबाई बोलली, पण तिचे लक्ष चिमणाच्या पायांकडे होते. पायाची बोटे आत मुडपली होती, घोंगडीत रुतवल्यासारखी. बाईचे तोंड काहीही सांगो, पायाची बोटे खरे सांगतात, असा सुईणपणातला तिचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. ओठ कोरडे, दात एकमेकांवर बसलेले, गळ्याची शीर उडत असलेली. मूल आडवे नव्हते. डोके खाली होते, वाटेला लागलेले होते. पोरीचे कमरेचे हाडही चांगले रुंद होते. अडले होते ते वेगळ्याच ठिकाणी. शरीराने भिऊन दार लावून घेतले होते.

पहाटे पाणमोट फुटली तेव्हा कळा चांगल्या येत होत्या. उन्हे वर आली तशा त्या मंदावल्या, आणि आता चैत्राचे ऊन कौलांवर तापायला लागले तरी एकही कळ शेवटाला जात नव्हती. पाणी गेल्यावर फार वेळ दम धरून चालत नाही, हे झुंबरबाईला सांगायला कुणी नको होते.

चिमणाच्या पाठीमागे लालबी बसली होती. शेजारच्या रफिक पिंजाऱ्याची ही बायको. प्लेगच्या सालात कोल्हापूर रिकामे झाले तेव्हा हे कुटुंब कळंब्याच्या माळावर झोपडी घालून राहिले आणि साथ ओसरल्यावरही परत गेले नाही. रफिक रोज कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून शाहूपुरीच्या नव्या पेठेत गाद्या पिंजायला जाई. चिमणा लहानपणापासून लालबीच्या घरात कापसाच्या ढिगावर लोळत वाढलेली, म्हणून तिने आज हट्ट धरला होता की पाठीशी भाबीच पाहिजे.

पायथ्याशी चिमणाची आई विठाबाई बसली होती. लेकीचे तळवे चोळता चोळता ती पुटपुटत होती, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी टपकत होते. बाळंतपण अडू नये म्हणून तिने पहाटेच घरातल्या सगळ्या गाठी सोडल्या होत्या. पोत्यांची तोंडे, दोरीवरच्या वळकट्या, चिमणाची वेणी. वासराचे दावे सुद्धा.

झुंबरबाईने तिच्याकडे पाहिले आणि तिला वाटले, सापडले.

सासू दारात उभी राहिली म्हणून कळा थांबलेली बाई तिने पाहिली होती. नवरा ओसरीवर खाकरला की आखडून जाणारी पाहिली होती. पाचगावात एकदा आढ्यात साप दिसला, तो मारून बाहेर टाकेपर्यंत मूल हलले नव्हते. आईचे रडे त्यातलेच.

"विठाबाई, चला. जरा चुलीपाशी चला."

"मी हितं गप बसते की, आक्का."

"गप बसूनच रडालायसा. चला."

तिने विठाबाईला दंडाला धरून उठवले, स्वयंपाकघरात नेऊन बसवले, तांब्याभर पाणी प्यायला लावले. पाणी पिताना विठाबाईचे दात तांब्याच्या काठावर वाजले. ती काही बोलणार होती, पण त्याच वेळी आतल्या खोलीतून चिमणाचा आवाज आला. लांबलचक, खालच्या पट्टीतला, पोटातून आलेला. चांगला आवाज.

"बघा," झुंबरबाई म्हणाली. "आली का न्हाय?"

ती लगबगीने आत गेली, चिमणाशेजारी बसली आणि पोटावर हात ठेवला. कळ अजून चालू होती. तिच्या तळव्याखाली ती थरथरली, ढिली झाली आणि संपून गेली.

चिमणाने मान लालबीच्या खांद्यावर टाकली. लालबीने पदराने तिचा घाम पुसला आणि झुंबरबाईकडे एकदा पाहिले.

अंगणात बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजत होती. चिमणाच्या बापाने, सयाजीने, सकाळपासून गाडी जुंपून ठेवली होती. बैल वैतागून मागे-पुढे करत होते आणि दर वेळी कण्याचा कर्र असा आवाज भिंतीतून आत येत होता. झुंबरबाईच्या कपाळावर आठी पडली. हे आधी कसे लक्षात आले नाही?

ती बाहेर आली. सयाजी जुवाला टेकून उभा होता. अंगात बंडी, डोक्याला काही नाही.

"बैल सोडा, दादा. पोरगी आत ह्यो आवाज ऐकती आन् भिती."

"दवाखान्यात न्हेतो तिला. दरबारच्या दवाखान्यात बायकांची डाक्तरीण हाय म्हणत्यात."

"गाडीच्या हिसक्यानं वाटंतच काय झालं तर? जरा थांबा."

सयाजीने मान वर केली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरे वाटले असते.

"मागल्या वेळंला बी तुमी हेच म्हणालासा, आक्का. थांबा. मी थांबलो."

अंगणात बैलाच्या शेपटीने माशा हाकलल्याचा तेवढा आवाज झाला.

मागली वेळ म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. सयाजीची थोरली लेक बाळाबाई. ह्याच घरात, ह्याच खोलीत, झुंबरबाईच्याच हाताखाली. मूल नीट झाले होते, मोठ्याने रडले होते, विठाबाईने गूळ वाटायला काढला होता. मग रक्त सुरू झाले. झुंबरबाईने येत होते ते सगळे केले. पोट दाबले, पायाखाली उशा दिल्या, मूल छातीला लावले. गाडी अंगणातून हलायच्या आत बाळाबाईच्या नखांचा रंग गेला. मूल सासरच्यांनी कागलला नेले, ते आता चालत होते म्हणे. झुंबरबाईला कुणी शब्दाने दुखवले नव्हते. असे होते, कुणाच्या हातात नसते, असे सगळेच म्हणाले होते. फक्त त्यानंतर कळंब्यात पहिलटकरणीसाठी तिला बोलावणे येत नव्हते. पंचक्रोशीतल्या पाचगाव, वाशी, पार गिरगावापर्यंत ती पायी जाऊन बाळंतपणे करी. पण स्वतःच्या गावात तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बायकांखेरीज कुणी नाही. आज सकाळी सयाजी दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिला ते खरेच वाटले नव्हते.

"ऊन कलंपर्यंत," ती म्हणाली. "मग तुमी न्हेशीला तिकडं मी संगट येते. पर आत्ता बैल सोडा."

सयाजीने जुवाच्या शिवळा काढायला हात घातला.

तेवढ्यात आतून पुन्हा चिमणाचा आवाज आला, पहिल्याहून मोठा. झुंबरबाई जवळजवळ धावतच आत गेली. ती वाकली, पोटाला हात लावला आणि आवाज मधेच तुटला.

आता तिने खोलीकडे पाहिले. कुडाची भिंत, कोपऱ्यातली कणगी, सारवलेली जमीन. बाळाबाई याच जमिनीवर होती, डोके याच बाजूला होते. चिमणा तेव्हा दाराच्या फटीशी उभी होती. तिला कुणी हाकलले नव्हते, कारण तिच्याकडे पाहायला कुणाला सवडच नव्हती. झुंबरबाईला आपलाच राग आला. सासू, साप, गाडी सगळे आठवले आणि हे आठवले नाही.

"हिला हितनं हलवू या," ती म्हणाली. "लालबी, तुझ्या घरात जागा हाय?"

"हाय की. कापूस सरकवला की लई जागा."

विठाबाई दारात आली होती. ती एवढेच म्हणाली, "भावकी काय म्हणंल?"

"भावकी बाळंत हुणार हाय व्हय?"

झुंबरबाई पुढे गेली. परड्यातून चार ढांगांवर लालबीचे घर. तिने पिंजलेल्या कापसाचे ढीग भिंतीकडे लोटले, जमीन झाडली, घोंगडी अंथरली, पाणी तापत ठेवले. या घरात उजेड होता आणि कापसाचा कोरडा, स्वच्छ वास. तिकडून चिमणा लालबीच्या गळ्यात हात टाकून येत होती. शेवग्याच्या झाडाखाली ती थांबली, खोड धरून वाकली आणि ओरडली. दोन पावले टाकली नाहीत तोच पुन्हा. झुंबरबाई दारातून बघत होती. कळ पुरी शेवटाला गेली. तिने मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले.

चिमणा आत येऊन टेकली. झुंबरबाई तिच्यासमोर बसली, लुगडे बाजूला केले, पोटावर हात ठेवला.

पोट आकसले. कळेने नव्हे. हात लागताच गोगलगायीने अंग आत ओढावे तसे. आणि मग चिमणाला कापरे भरले. आधी मांड्या, मग खांदे, मग दात. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि पोरगी थंडी वाजल्यासारखी कुडकुडत होती.

"मावशी," ती दातांवर दात आपटत म्हणाली, "मी जगंन न्हवं?"

"न जगायला काय झालं तुला?" झुंबरबाई म्हणाली. पण तिला उमगले की पुढे काय करायचे ते आपल्याला ठाऊक नाही. आई बाहेर होती. बैल सुटले होते. खोली बदलली होती. बाहेर काढण्यासारखे आता काही उरले नव्हते.

लालबीने चिमणाला हळूच भिंतीशी टेकवले, तिच्या पाठीमागे कापसाची गठडी दिली आणि ती उठली.

"मावशी, जरा भाईर येता?"

घराच्या मागे चिंचोळी सावली होती. लालबी तिथे उभी राहिली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. चार पोरांची आई. पण या क्षणी ती मार खायला उभी राहिल्यासारखी दिसत होती.

"राग येणार न्हाय न्हवं तुमाला?"

"बोल लवकर."

"तुमी भाईर गेलासा की कळा येत्यात."

झुंबरबाईला आधी ते समजलेच नाही.

"काकीला घिऊन गेलासा, तवा आली. दादांच्याकडं गेलासा, तवा बी आली. आत्ता झाडाखाली दोन आल्या. तुमी हात लावलासा, थांबली." ती एका दमात बोलली. "मी पाठीशी बसलीया. मला अंगाला कळतंय."

झुंबरबाईच्या कानशिलांत रक्त चढले. अर्ध्या कळंब्याला तिने पहिली आंघोळ घातली होती. ही पोरसवदा बाई तिला काय सांगत होती?

"ती मला भिती म्हणतीस? मी तिला ह्या हातानं भाईर काढलीया."

"ती तुमाला न्हाय भीत." लालबीने आवाज आणखी खाली आणला. "मावशी, तुमचं हात गार हाईत."

"काय?"

"गार हाईत. आडातनं काढल्यागत. पोटाला लागलं की तिला कळतंय."

तिने झुंबरबाईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. लालबीच्या तळव्यांची ऊब एकदम लागली, आणि ती ऊब इतकी लागली यावरूनच झुंबरबाईला समजायचे ते समजले. तरी तिने हात सोडवून घेतले आणि स्वतःच्या गालावर ठेवले. घामाने भिजलेल्या गालावर दोन गार, ओलसर पंजे. दुसऱ्या कुणाचे असावेत असे.

परवा पाचगावात तिने एक बाळंतपण केले होते. तिथली बाई म्हणाली होती, तुमचा हात लागला की बरं वाटतंय, मावशी. मग आज काय झाले होते?

आणि मग तिला सकाळ आठवली. सयाजीच्या मागून येताना तळ्याच्या बांधावर ती मधेच बसली होती. गुडघ्यात त्राण नव्हते. वय झाले, असे तिने स्वतःला सांगितले होते. तोंडाला इतकी कोरड पडली होती की विठाबाईच्या दारात आल्या आल्या तिने पाणी मागितले, आणि ते प्यायल्यावर पुन्हा मागितले. आल्यापासून ती चार वेळा परसाकडे जाऊन आली होती. छातीत काहीतरी पाखरासारखे फडफडत होते, ते तिने उन्हावर ढकलले होते. दुसऱ्या कुठल्या बाईत हे सगळे दिसले असते तर तिने दारातूनच म्हटले असते, ही भ्यालीया.

ती भिंतीला टेकली.

"मग आता?" लालबीने विचारले.

झुंबरबाई सरळ उभी राहिली.

"आता तू."

"मी? या अल्ला! मला काय येतंय?"

"चार पोरं झाल्यात की तुला."

"झाली, पर मी कुठं बघितलंया? मी तर डोळं मिटून घेतलं हुतं."

झुंबरबाईला हसू आले असते, पण वेळ नव्हता. तिने लालबीचे हात पुढे घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. कापूस पिंजून कोरडे झालेले, पण ऊबदार आणि हलके हात.

"ऐक. कळ आली की जोर करू द्यायचा, न्हाय आली तर न्हाय. टाळू दिसली की तिला म्हणायचं, आता जोर करू नगंस, नुसता श्वास सोड. डोस्कं भाईर येताना तळवा असा खाली धरायचा. अडवायचं न्हाय, नुसतं सांभाळायचं. गळ्यात नाळ हाय का, बोटानं बघ. असली तर डोस्क्यावरनं काढ. खांदं आपणहून फिरत्यात. ओढायचं न्हाय."

"न्हाय ओढत."

"आन् मूल झाल्यावर वार. ती पडायला वेळ लागतोय. लागू दे. तू भिऊन ओढशील. ओढायची न्हाय. काय बी ओढायचं न्हाय, लालबी." तिने लालबीची बोटे घट्ट धरली. "मूल छातीला लाव आन् वाट बघ. सूत उकळून ठिवलंय, पातं बी हाय. नाळंतली नाडी उडायची थांबली की दोन जागी बांध, मधनं काप."

"आन् रगत?"

"लुगड्याची एक घडी भिजंल. दुसरी भिजाय लागली तर मला हाक मार. तवा माझं हात कसं का असंनात, मी येईन."

लालबी मान हलवत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम साचला होता.

"आन् आईला आत बोलव तिच्या. रडली तर रडू दे. तिच्या रडण्यानं काय थांबत न्हवतं."

विठाबाई परड्यातच उभी होती. लालबीने तिला हाताने खूण केली. विठाबाईने एकदा लालबीकडे, एकदा झुंबरबाईकडे पाहिले.

"आन् तुमी, आक्का?"

"मी भाईर बसते."

विठाबाईने कारण विचारले नाही. पदर खोचला आणि ती आत गेली. दार लोटले गेले.

झुंबरबाई शेवग्याच्या खोडाशी बसली. बाळंतपणाच्या दाराबाहेर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. बाहेरून काहीच दिसत नाही, नुसते ऐकू येते, आणि ऐकलेले सगळे वाईटच वाटते, हे तिला आज कळत होते. आत कुजबूज झाली. भांडे हलले. मग बराच वेळ काही नाही. तिने उठायचे ठरवले आणि उठली नाही.

मग पहिली कळ आली. चिमणाचा आवाज उठत गेला, उठत गेला आणि शेवटाला जाऊन फुटला. झुंबरबाईच्या लक्षात आले की आपणही श्वास कोंडून धरला आहे, आपले पोटही आवळले आहे. कळ संपली तसे तेही सैल झाले. दुसरी आली. तिसरी. आता त्या एकामागून एक येऊ लागल्या, आणि दर वेळी पन्नाशी उलटलेली ही बाई झाडाखाली बसून दात आवळून जोर करत होती.

सयाजी गोठ्याकडून आला. सुईण बाहेर बसलेली पाहून त्याचा चेहरा पडला.

"तुमी हितं? काय झालं?"

"काय न्हाय झालं. ऐका की."

त्याने ऐकले. पुरुषाला त्यातले काय कळणार. पण त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग तो जरा अंतरावर गोठ्याच्या पायरीवर बसला आणि वैरणीची काडी हातात घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करू लागला.

आतून लालबीचा आवाज आला. "आता न्हाय! आता जोर न्हाय! श्वास सोड, चिमणे, सोड!"

मग किंकाळी. मग पाण्याचा सपकन आवाज झाल्यासारखे काहीतरी. आणि मग एक चिरका, रागावलेला, नवा आवाज.

सयाजी ताडकन उठला.

"बसा," झुंबरबाई म्हणाली. "अजून न्हाय."

तिच्या सांगण्यात असे काही होते की तो बसला. कारण मागल्या खेपेलाही इथपर्यंत सगळे झाले होते. मूल रडले होते. गूळ निघाला होता. आता जो वेळ जायचा होता तोच खरा, आणि तो जात नव्हता. झुंबरबाईने दोन्ही हात काखेत दाबून धरले. ती दाराच्या फळ्यांकडे बघत राहिली. फळीवरून एक मुंगळा चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता. आत कुणी बोलत नव्हते. लालबी ओढणार नाही. तिला सांगितले आहे. ती ओढणार नाही. ऊन गोठ्याच्या कौलांवरून खाली सरकले. विठाबाईचा एक शब्द ऐकू आला, तो कळला नाही.

दार उघडले. लालबी उभी होती. कोपरापर्यंत हात भरलेले, केस सुटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे आपण केले यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"पडली, मावशी. वार पडली. सगळी हाय, बघून घेतली."

"रगत?"

"तुमी म्हणालासा तेवढंच. आता थांबलंया. पोरगी हाय. चिमणा पाणी मागतीया."

सयाजीने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तो गोठ्यात गेला. बैलाशी काहीतरी बोलल्याचा त्याचा आवाज आला.

झुंबरबाई खोडाला धरून उठायला गेली. मग ती तशीच बाजूला वाकली आणि ओकली. सकाळपासून प्यायलेले सगळे पाणी बाहेर पडले. ओकून झाल्यावर ती तिथेच, तशीच, जमिनीवर हात टेकून राहिली. अंग हलत होते. थंडीने नव्हे, तापाने नव्हे. आपोआप. ते थांबवायचा तिने प्रयत्न केला नाही. अशा वेळी बाईला हलू द्यावे, हे ती दुसऱ्यांना सांगत आली होती.

कुणीतरी तांब्या तिच्या पुढ्यात ठेवला. विठाबाई होती. झुंबरबाईने चूळ भरली, तोंडावर पाणी मारले. विठाबाई तिच्याशेजारी झाडाच्या मुळावर बसली. आतून लालबीचे गुणगुणणे ऐकू येत होते.

"नाक चिमणावर गेलंय," विठाबाई म्हणाली. "बाकी सगळं बापावर."

"हुंदे. नाक आलं तरी लई झालं."

झुंबरबाईने तांब्या बाजूला ठेवला. मग झुंबरबाई म्हणाली, "माझ्यामुळंच थांबलं हुतं, विठाबाई. मी भ्याले हुते. मला ठावं न्हवतं."

"मला ठावं हुतं."

झुंबरबाईने वळून पाहिले.

"सकाळी उंबरा चढताना तुमी चौकटीला हात धरलासा. बाळीच्या वक्ताला तुमी बोलत बोलत आत शिरला हुता." विठाबाई समोर बघत होती. "तवाच कळलं."

"आन् तरी मला आत घेतलंसा? त्याच्या आधी बोलावलंसाच कशाला? वाशीची बाई हाय. दरबारची डाक्तरीण हाय."

विठाबाईने पायाजवळची शेवग्याची वाळकी शेंग उचलली, सोलली, आतल्या बिया तळहातावर घेऊन पाहिल्या आणि टाकून दिल्या.

"मी दुसरीला बोलावलं असतं, तर बाळी तुमच्या हातनं मेली असं मी म्हटल्यागत झालं असतं. साऱ्या कळंब्याला तेच ऐकायचं हुतं. मी म्हटलं न्हाय. तीन वर्सं झाली, एकदा बी म्हटलं न्हाय."

"ते ठावं हाय मला."

"तोंडानं न्हाय म्हटलं." विठाबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "मनात म्हटलं हुतं. एकदा तुमी ह्या दारावरनं चालला हुता, मी अंगणात हुते. मला बघून तुमी थांबलासा, बोलाय म्हणून. आन् मी आत गेले. भाकरी करपती म्हणून. चुलीवर काय बी न्हवतं."

झुंबरबाईला ती दुपार आठवत होती. भाकरी करपते आहे, हे तिला तेव्हा खरे वाटले होते.

"म्हणून बोलावलंसा?"

"काय की. आज दिसभर वाटत हुतं, माझ्या हट्टापायी ही बी जाती का काय. तरी तुमाला जा म्हणाय तोंड उघडंना." तिने झुंबरबाईकडे पाहिले. "तुमीच उठून भाईर आलासा, म्हणून वाचली."

झुंबरबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडले. तिला सांगायचे होते की बाळाबाई शेवटपर्यंत शुद्धीवर होती, आणि मी वाचत नाही हे आईला सांगू नका, ती घाबरेल, असे म्हणाली होती. तीन वर्षे हे वाक्य तिच्या छातीत होते. ते आता घशापर्यंत आले, आणि शब्दांऐवजी नुसता एक आवाज बाहेर पडला. तसा आवाज तिने इतक्या घरांमधून ऐकला होता, पण तो आपल्यालाही काढता येतो हे तिला माहीत नव्हते.

विठाबाई जवळ सरकली. तिने झुंबरबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि वरून खाली, वरून खाली फिरवत राहिली. थोड्या वेळाने तिच्याही खांद्यांना हुंदक्यांचे धक्के बसू लागले.

आत बाळ पुन्हा रडायला लागले. दोघींपैकी कुणी उठले नाही.